पोराला गणित येतंय, ‘अ‍ॅट लीस्ट’ येत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली एआयवर काही ना काही येतच असतंय, शेतीत एआय, दवाखान्यात एआय आणि आता कॉलेजात एआय. प्रत्येक पोराला त्याच्या त्याच्या गतीनं, त्याला जमेल तसं शिकवणार म्हणे. वाचायला बरं वाटतं. पण हे आमच्या भागात प्रत्यक्ष कसं चाललंय ते कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया. मी बेळगावात एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून स्टॅटिस्टिक्स शिकवतो, नऊ वर्षं झाली, अजून गेस्टच. (पाहुणा नऊ वर्षं राहिला की घरचे त्याला भांडी घासायला लावतात, तसं आम्हाला नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या, फायली करायला लावतात, ते असो.)

तर गेल्या वर्षी आमच्याकडे एक सॉफ्टवेअर घेतलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. गेटवर बॅनर लागला, उद्घाटन झालं, शाल श्रीफळ झालं. पोरांनी मोबाइलवर लॉगिन करायचं, ते आधी एक टेस्ट घेणार, पोराला कुठं येत नाही ते शोधणार आणि तेवढंच शिकवणार. येतंय ते परत परत नाही, येत नाही त्याच्यावर जास्त वेळ. खरं सांगतो, मला आनंदच झाला होता, कारण माझ्या वर्गात ७८ पोरं आहेत आणि एका तासात मी त्यातल्या सहा-सात जणांच्या वहीत डोकावलो तरी खूप झालं.

माझ्या वर्गात एक पोरगा आहे, जांबोटीच्या पुढनं येतो, पहाटेची बस. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स एकदम इंग्लिशमध्ये. शांत पोरगा, मागच्या बाकावर. सॉफ्टवेअरनं त्याची टेस्ट घेतली आणि प्रॉबॅबिलिटीत त्याला एकदम खालच्या लेव्हलला टाकलं. आठवडाभर त्याला नाणेफेकीचे व्हिडिओ, एक नाणं टाकलं तर छापा पडायची शक्यता किती, एक भागिले दोन, शाब्बास, पुढचा व्हिडिओ. पोरगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, ‘सर, हे मला सातवीतलं शिकवूलाय.’

मी म्हटलं दाखव बघू कुठं चुकलास. प्रश्न साधा होता, तीन नाणी टाकली तर अ‍ॅट लीस्ट दोन छापे पडायची प्रॉबॅबिलिटी किती. त्यानं उत्तर दिलं होतं तीन भागिले आठ. मी विचारलं कसं काढलंस, तर त्यानं आठही शक्यता पटापट लिहून दाखवल्या, एकही सुटली नाही, त्यातल्या बरोब्बर दोन छापे असलेल्या तीन मोजल्या. मग मी फक्त एवढंच म्हटलं, अरे ‘कमीत कमी दोन’ असं विचारलंय. तो एक सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, ‘मग तीन छापेपण धरायचे की सर, चार भागिले आठ होणार.’

झालं. एवढंच होतं. पोराला प्रॉबॅबिलिटी येत होती, अ‍ॅट लीस्ट येत नव्हतं. मशीननं मात्र त्याची नोंद केली की याला प्रॉबॅबिलिटीचा पायाच नाही, आणि आठवडाभर त्याचा पाया भरत बसलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वर्गात विचारलं, हाच प्रश्न कोणाकोणाचा चुकला, तर हात वर केले ते फक्त मराठी माध्यमाच्याच पोरांनी नाही. गोकाककडची एक मुलगी आहे, कन्नड माध्यमाची, अतिशय हुशार, तिनंपण तीन भागिले आठच काढलेलं. तिला ‘कनिष्ठ येरडू’ म्हटल्यावर लगेच उजेड पडला. (कन्नडात कमीत कमी म्हणजे कनिष्ठ. आम्हाला कनिष्ठ म्हटलं की कोर्टातला कनिष्ठ स्तर आठवतो, आम्ही मराठी पोरं हसलो, तीपण हसली.) त्यामुळं कृपा करून या पत्राला कोणी मराठी विरुद्ध कन्नड असा रंग देऊ नये, त्यासाठी आपल्याकडं वेगळी माणसं आहेत आणि वेगळ्या तारखा आहेत. इंग्लिशच्या दारात आम्ही दोघंही सारखेच उभे आहोत.

आता हे असं का होतंय म्हणून मी जरा वाचायला लागलो, स्टॅटिस्टिक्सचाच माणूस आहे म्हटल्यावर आतलं यंत्र बघायची खाज असतेच. या असल्या सॉफ्टवेअरच्या मागं बऱ्याचदा जो हिशोब असतो तो काही जादूचा नाही, कॉर्बेट आणि अँडरसन या दोघा संशोधकांनी १९९५ साली मांडलेला आहे आणि नंतर त्याची पुष्कळ पिल्लं निघाली. विषयाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पोराला येत असण्याची शक्यता किती ते धरायचं, उत्तर बरोबर आलं की ती शक्यता वाढवायची, चुकलं की कमी करायची. त्यात चार आकडे असतात. पोराला आधीपासनं येत असण्याची शक्यता, एका सरावानंतर नव्यानं यायला लागण्याची शक्यता, येत नसताना तुक्का लागण्याची शक्यता आणि येत असतानाही हातनं चूक होण्याची शक्यता. किती विचार केलाय बघा, तुक्क्याची सोय आहे, घाईत झालेल्या चुकीची सोय आहे. पण पोराला प्रश्नाची भाषाच कळली नाही, याला त्या चारात जागाच नाही. आणि हीच भाषेची अडचण प्रश्नामागून प्रश्नाला परत येत राहिली तर मशीन त्याला हातनं झालेली चूक समजत नाही, न येणंच समजतं, तिची पण चूक नाही म्हणा, तिला जे सांगितलंय तेच ती करते.

एकेकाला वेगळं शिकवण्यात ताकद आहे याबद्दल मला शंका नाही हो. १९८४ साली शिकागोच्या बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञानं दाखवलं होतं की एकाला एक असं शिकवलं तर मधला, म्हणजे अगदी सरासरी पोरगासुद्धा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के पोरांच्या वर जाऊन बसतो. नंतरच्या लोकांना इतका मोठा फरक काही मिळाला नाही, २०११ मध्ये व्हॅनलेन नावाच्या संशोधकानं जुने सगळे प्रयोग गोळा करून बघितलं तर फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला, पण गंमत अशी की चांगलं बांधलेलं सॉफ्टवेअर आणि माणूस शिक्षक यांच्यात फार अंतर निघालं नाही. म्हणजे चांगलं बांधलं तर चालतंय. आमचा प्रश्न एवढाच, की ते कोणासाठी बांधलंय.

मग मी स्वतःच एक प्रयोग केला. हे नवीन चॅटवाले एआय मराठीत बोलतात ना, म्हटलं यांच्याकडनं समजावून घेऊया. मी त्या जांबोटीच्या पोराला मोबाइल दिला आणि म्हटलं स्टँडर्ड डेव्हिएशन काय ते विचार, मराठीत. मराठीतच उत्तर आलं, शुद्ध, एकही चूक नाही, ‘प्रमाण विचलन हे मध्यमानापासूनच्या विचलनांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ होय’. पोरगा माझ्याकडं बघायला लागला. त्याला इंग्लिश शब्द अर्धवट माहीत होता, हा मराठी शब्द तर आयुष्यात ऐकला नव्हता, कारण स्टॅटिस्टिक्सशी त्याची खरी ओळख पीयूसीनंतर इंग्लिशमध्येच झाली. आणि परीक्षेत पेपर येणार तो इंग्लिशमध्येच, मग प्रमाण विचलन पाठ करून तो करणार काय? मग तो बोलून विचारायला लागला, आपल्या बेळगावच्या भाषेत, ‘हे काय सांगूलास, परत सांग की’, तर ‘सांगूलास’चं एआयनं काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. पुण्याची मराठी त्याला कळते, आमची त्याला मराठी वाटत नाही. तसं पुण्याच्या माणसालाही ती वाटत नाहीच, तो भाग वेगळा.

शेवटी मी पोराला एआयला असं सांगायला शिकवलं की बाबा, इंग्लिश शब्द तसाच ठेव, समजावताना घरच्यासारखं मराठीत बोल, आणि उदाहरण काजूच्या बियांचं दे. मग जे आलं ते बरं होतं. दोन पोत्यांतल्या बियांचं सरासरी वजन एकच, पण एका पोत्यात सगळ्या साधारण सारख्या, दुसऱ्यात एक बोटभर आणि एक वाटाण्याएवढी, तर सरासरीपासनं किती पांगलंय त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. पोराला पटलं. घरी काजूची झाडं आहेत त्याच्या. म्हणजे मशीनला येतंय, पण तिला हे कोणीतरी सांगावं लागतंय, आणि सांगणाऱ्याला त्या पोराचं घर माहीत असावं लागतंय. मी याला पर्सनलाइज्ड म्हणेन. नाणेफेकीच्या व्हिडिओला नाही.

अजून एक बारीक गोष्ट, फुकटच्या अकाउंटवर मराठीत जरा जास्त विचारलं की मर्यादा संपते म्हणून पोरं कुरकुरतात. ही मॉडेलं वाक्याचे तुकडे करून वाचतात आणि देवनागरीचे तुकडे इंग्लिशपेक्षा जास्त पडतात, जुन्या मॉडेलांत तर कितीतरी पट पडायचे. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारला तर मशीनच्या लेखी तो लांबलचक. आता सुधारलंय बरंच, पण पूर्ण नाही.

दुसरी बाजूपण सांगितली पाहिजे, नाहीतर पोरांचे लाड केल्यासारखं होईल. असाइनमेंट दिली की साठ जणांची उत्तरं सारखी येतात, शेवटच्या परिच्छेदात सगळ्यांचं इंग्लिश एकदम साहेबासारखं होतं, आणि तोंडी विचारलं तर गप्प. तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी पोरांवर गणिताचा एक प्रयोग झाला, २०२५ मध्ये तो रीतसर छापून आला. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं दिलं त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगलं केलं, आणि मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना कधीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी पडले. पण तिसरा गट होता, त्यांना उत्तर न देता फक्त इशारे देणारं एआय दिलेलं, शिक्षकांनी आधी लिहून ठेवलेले इशारे, त्यांनी सरावात कितीतरी जास्त केलं आणि परीक्षेतही ते कमी पडले नाहीत. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या १९४ विद्यार्थ्यांवर असंच बघितलं, वर्गापेक्षा एआय ट्यूटरकडं कमी वेळात जास्त शिकले, पण तिथंही प्रत्येक प्रश्नाची पायरी पायरीनं उत्तरं शिक्षकांनी आधी आत भरली होती, मशीनच्या मनावर सोडलं नव्हतं. दोन्हीकडं बघा, मागं शिक्षक बसलाय. आमच्याकडं शिक्षकाला काय मिळालं? लॉगिनसुद्धा नाही. सगळ्या पोरांची प्रगती दाखवणारा डॅशबोर्ड वर ऑफिसात उघडतो, त्यात लाल हिरवे पिवळे ठिपके असतात, आणि गेस्ट लेक्चररला ते बघायची परवानगी नाही कारण आम्ही परमनंट स्टाफ नाही! मला माझ्या पोराचा लाल ठिपका त्याच्या मोबाइलवर बघावा लागला.

आणि ठिपक्यांचंच मला जास्त भय वाटतंय. आत्ता फक्त व्हिडिओ दाखवतायत, उद्या याच ठिपक्यांवरनं ठरवतील की हा पोरगा एमएस्सीला घ्यायचा का, याला प्लेसमेंटला बसवायचं का, याला ‘सोपा’ ऑप्शनल घे म्हणून सांगायचं का. हे उगीच बोलत नाही मी. अमेरिकेत कितीतरी विद्यापीठं विद्यार्थी मागं पडेल का याचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर वापरतात, २०२१ मध्ये तिथल्या पत्रकारांनी कागदपत्रं काढून दाखवलं की त्यातल्या काहींत वंश हा एक घटक म्हणून धरलेला, आणि एकेका ठिकाणी काळ्या विद्यार्थ्यांना धोक्यात दाखवायचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास चौपट. आता आमच्याकडं वंशाचा कॉलम नसेल, पण अ‍ॅडमिशन फॉर्मवर ‘दहावीचं माध्यम’ हा कॉलम आहे, तालुका आहे. खानापूर तालुका, मराठी माध्यम, जुन्या मार्कांवर शिकलेलं मशीन याचा अर्थ काय काढेल ते मला सांगायला नको. जुनी पोरं भाषेमुळं मागं पडली, म्हणून नवीन पोरगा आला की तोपण मागं पडणार असं धरायचं, आणि धरलं म्हणून त्याला सातवीतलं शिकवायचं, मग तो पडणारच की.

तेच सॉफ्टवेअर चांगलंपण वापरता येतं. त्याच अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं २०१२ पासनं असे आठशेवर इशारे लावले, पोरगा एखाद्या पेपरात घसरला की इशारा, पण तो इशारा जातो माणसाकडं, ते पोराला बोलावतात, बसवतात, काय झालं विचारतात, त्यासाठी त्यांनी माणसं वाढवली. आमच्याकडं सॉफ्टवेअर आलं आणि पुढच्याच मीटिंगमध्ये मागं पडलेल्या पोरांचा रेमेडिअल क्लास बंद करायचा विषय निघाला, आता एआय आहेच की म्हणून.

रेंजचं तर बोलायलाच नको. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात आठ आठ दिवस लाइट नसते, रेंज मिळवायला पोरं रस्त्यावर येतात. आमचं सॉफ्टवेअर रोज लॉगिन नाही झालं तर ‘स्ट्रीक’, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तोडतं आणि पोराला आळशी म्हणून मेसेज पाठवतं. जुलै महिन्यात. जांबोटीत.

सिलॅबसचा एक घोळ आहे तो थोडक्यात सांगतो. आपल्याकडं २०२१ ला नवीन शिक्षण धोरणाप्रमाणे चार वर्षांची डिग्री आली, २०२४ ला ती परत तीन वर्षांची झाली, पेपरांची नावं बदलली, युनिटं इकडची तिकडं झाली. एआयला विचारलं की तो बिनधास्त जुन्याच सिलॅबसच्या नोट्स काढून देतो, आणि पोरं त्याच पाठ करून येतात. मशीनला कोण दोष देणार, आमचीच युनिटं आम्हाला पाठ व्हायला वर्ष गेलं.

माझं मागणं काय म्हणाल तर फार मोठं नाही. या बेळगावात इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ पासनं बसलंय, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासनं आहे, म्हणजे डोकी आपल्याकडं कमी नाहीत. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी मराठी माध्यमाची दहा आणि कन्नड माध्यमाची दहा पोरं त्याच्यासमोर बसवा, तोच प्रश्न एकदा इंग्लिशमध्ये आणि एकदा घरच्या भाषेत विचारा, आणि दोन्ही मार्कांत किती फरक पडतोय तो बघा. फरक जेवढा तेवढी भाषेची अडचण, उरलेली विषयाची. हे माझ्यासारखा गेस्ट लेक्चरर एका दुपारी करू शकतो, मी केलंय, कागद पेन आणि चहा एवढाच खर्च आला. मग पुढं मशीनला सांगा की याला विषय नको, शब्द शिकव. आणि त्या ठिपक्यांचं लॉगिन शिकवणाऱ्याला द्या, परमनंट असो की पाहुणा.

तोपर्यंत मी माझ्या परीनं एक वही केली आहे, पेपरात येणारे पण कुठल्याच युनिटमध्ये न शिकवले जाणारे इंग्लिश शब्द, समोर मराठी, त्याच्यासमोर कन्नड. कन्नड त्या गोकाकच्या मुलीनं लिहून दिलंय. अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, विदाउट रिप्लेसमेंट, गिव्हन दॅट, हेन्स, आत्तापर्यंत ६३ झाले. वाचकांत कोणी रिटायर्ड मास्तर असतील, विशेषतः सायन्स गणित शिकवलेले, त्यांनी अजून शब्द काढले तर तुमच्या पेपरातनंच कळवावेत, मी वहीत घालतो आणि पोरांना झेरॉक्स देतो. शेवटचा शब्द परवा घातला, रिस्पेक्टिव्हली, म्हणजे अनुक्रमे. ‘ए आणि बी यांची किंमत रिस्पेक्टिव्हली लिहा’ असा प्रश्न होता, आणि निपाणीची एक पोरगी उभी राहून विचारत होती, ‘सर, म्हणजे मानानं लिहायचं काय?’

आपला,
बेळगावातला एक गेस्ट लेक्चरर
(नाव छापू नये ही विनंती, पुढच्या वर्षीपण पाहुणा राहायचंय)